सोनखताची राख

हॅम्बर्गमध्ये १६६९ साली हेनिग ब्रांड नावाचा एक किमयागार लघवी आटवत बसला होता. थोडीथोडकी नव्हे, पाच हजार लिटरहून अधिक, असा नंतरच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. लघवी पिवळी आणि सोनंही पिवळं, तेव्हा एकातून दुसरं निघायलाच हवं, असा त्याचा सरळ तर्क होता. त्याने ती लघवी दिवसचे दिवस कुजू दिली. मग ती उकळून काकवीसारखी दाट केली आणि उरलेला काळपट गोळा भट्टीत तापवत ठेवला. शेजाऱ्यांनी हे सारं कसं सोसलं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. शेवटी भांड्यात मेणासारखं पांढुरकं काहीतरी जमलं. ते सोनं नव्हतं, पण अंधारात आपोआप उजळत होतं.

त्याचं नाव पडलं फॉस्फरस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘प्रकाश आणणारा’. ज्याचा शोध नेमका कुणी लावला हे ठाऊक आहे, असं हे इतिहासातलं पहिलं मूलद्रव्य. ब्रांडने काही वर्षं गुपित जपलं आणि पैसे संपल्यावर ते विकायला काढलं. योहान डानिएल क्राफ्ट नावाच्या गृहस्थाने ते विकत घेतलं आणि तो चमकता पदार्थ युरोपातल्या दरबारांत दाखवत फिरला. तत्त्वज्ञ लाइब्नित्सलाही त्याची भुरळ पडली. इतक्या खटाटोपातून ब्रांडच्या हाती जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम फॉस्फरस आला होता. खरी गंमत अशी, की आटवताना तळाशी बसलेलं मीठ निरुपयोगी समजून त्याने टाकून दिलं होतं आणि बहुतेक फॉस्फरस त्या मिठातच होता.

ब्रांडनंतर बरोबर ३५० वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच हॅम्बर्गमध्ये एका कारखान्याची पायाभरणी झाली. शहराच्या मैलापाण्यातून फॉस्फरस काढायचा, हेच त्याचं काम. मधल्या काळात हे मूलद्रव्य एकदा फार वाईट रूपात शहरात परतलं होतं. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी हॅम्बर्गवर टाकलेल्या आगलाव्या बॉम्बपैकी काहींत पांढरा फॉस्फरस भरलेला होता. नवा कारखाना मात्र शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी आहे आणि त्याचा कच्चा माल आहे राख.

मराठी शेतकऱ्याला फॉस्फरस हा शब्द परका वाटेल, पण ‘स्फुरद’ म्हटलं की तो लगेच ओळखेल. नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट खताच्या प्रत्येक पोत्यावर आणि कृषी विभागाच्या प्रत्येक पत्रकात असतं. संस्कृतातल्या ‘स्फुर्’ धातूला थरथरण्याबरोबर चमकण्याचाही अर्थ आहे. त्यामुळे ब्रांडच्या भांड्यातला तो उजेड आपल्याही शब्दात शिरलेला आहे, फक्त कुणाला आठवत नाही.

स्फुरद नसेल तर पेशीत डीएनए बनत नाही, शरीरातल्या ऊर्जेची देवघेव थांबते, दाणा भरत नाही, हाड घडत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ते साधारण सहा-सातशे ग्रॅम असतं आणि त्यातलं बहुतेक हाडांत आणि दातांत. नत्राची टंचाई पडली तर कारखाने ते हवेतून ओढून घेऊ शकतात, कारण हवेत नायट्रोजन भरपूर आहे. स्फुरदाला अशी सोय नाही. ते हवेत नाही, कारखान्यात बनवता येत नाही, त्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. ते फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येतं.

आज ते प्रामुख्याने खडकातून येतं. जगातल्या ज्ञात फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात असल्याचं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे आकडे सांगतात आणि त्या हिशेबात पश्चिम सहाराचा वादग्रस्त प्रदेशही धरलेला आहे. खोदकामात पहिला क्रमांक चीनचा. युरोपीय संघाच्या हद्दीत फॉस्फेटची म्हणण्यासारखी खाण एकच, फिनलंडमधली सिलिन्यार्वी. खनिज तेलाच्या बाबतीत जग ज्या परावलंबनाची चर्चा रोज करतं, त्याहून जास्त एकवटलेलं हे परावलंबन आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. २००८ मध्ये फॉस्फेट खडकाचा भाव वर्षभराच्या आसपासच्या काळात टनामागे ५० डॉलरच्या घरातून ४०० डॉलरच्या वर गेला, तेव्हा सरकारं खडबडून जागी झाली. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फॉस्फेट खडक आपल्या ‘अतिमहत्त्वाच्या कच्च्या माला’च्या यादीत घातला. २०२१ च्या अखेरीस चीनने खतनिर्यातीवर कडक तपासणी लादली आणि तीच धास्ती पुन्हा आली.

ज्या मातीत फॉस्फेटच्या खाणी नव्हत्या, तिथली शेती पूर्वी कशी चालत होती? जे शेतातून ताटात आलं, ते फिरून शेतात जात होतं. त्यात शेणखत होतं, हाडांची पूड होती आणि माणसाचा मैलाही होता. मराठीत त्या मैल्याच्या खताला चक्क सोन्याचं नाव दिलंय, सोनखत. शब्द सुंदर आहे. पण ते सोनं डोक्यावरून कुणाला वाहावं लागलं, हे विसरून त्या शब्दाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

हॅम्बर्गमध्ये हे चक्र तुटलं ते एका आगीमुळे. मे १८४२ मध्ये शहराचा मोठा भाग जळाला. पुनर्बांधणीत विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने जमिनीखाली गटारांचं जाळं टाकलं. युरोप खंडावर अशी आखीव व्यवस्था तोवर जवळपास कुठेच नव्हती. शौचालयं, स्वयंपाकघरं, रस्ते, पाऊस असं सगळं पाणी एका नळात आणि तो नळ एल्बे नदीत. शहराच्या नळाला पिण्याचं पाणीही एल्बेतूनच येत होतं आणि ते गाळलेलं नसे. १८९२ च्या कॉलऱ्यात हॅम्बर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं मेली. गटारं हवीत की नकोत, असा हा प्रश्न नव्हता. ती हवीच होती. पण नदीत मिसळलेलं स्फुरद परत शेताकडे येणार नव्हतं.

हे सर्वात तावातावाने बोलून दाखवलं जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने. शहरं शेताची सुपीकता गिळतात आणि नदीत ओततात, असं तो सांगत राहिला. इंग्लंडवर तर त्याचा विशेष राग. आपलं स्फुरद समुद्रात सोडायचं आणि भरपाईसाठी युरोपातल्या रणभूमींवरून हाडं उकरून न्यायची, असा त्याचा आरोप होता. लीबिग चिडका होता आणि अतिशयोक्तीतही कमी नव्हता, पण या बाबतीत त्याचं गणित बरोबर होतं. अडचण एवढीच, की पेरू देशातला ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, पुढे नाउरू बेटावरचा आणि मोरोक्कोतला खडक स्वस्तात मिळत गेला आणि गणित बरोबर असूनही त्याची फिकीर करायचं कारण कुणाला उरलं नाही.

आता त्या गटारात नेमकं काय वाहतं ते पाहू. युरोपातल्या शहरात माणसामागे रोज साधारण पावणेदोन ग्रॅम स्फुरद सांडपाण्यात जातं. त्यातलं बरंचसं लघवीतून जातं, त्यामुळे ब्रांडची निवड चुकीची नव्हती. वर्षाचा हिशेब सहाशे ग्रॅमच्या आसपास बसतो. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद असतं दहा किलोच्या आसपास. म्हणजे सोळा-सतरा माणसांच्या वर्षभराच्या सांडपाण्यात एका पोत्याइतकं स्फुरद. (पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, मग दहाच किलो कसं, असा प्रश्न पडेल. तो ४६ चा आकडा फॉस्फरस पेन्टॉक्साइडच्या हिशेबात लिहायची जुनी रीत आहे. पोत्यात तो पदार्थ प्रत्यक्षात नसतोच. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राची ही सवय खतांच्या दुनियेने अजून सोडलेली नाही.)

हे स्फुरद पाण्यात राहू दिलं तर नदी आणि तळं शेवाळाने हिरवीगार होतात, मग प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून शुद्धीकरण केंद्रात लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार सोडतात. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाणी नितळतं, त्यातलाच हा प्रकार. स्फुरद क्षारांशी जोडलं जातं आणि तळाशी बसतं. जर्मनीसारख्या देशात सांडपाण्यातलं जवळपास ९० टक्के स्फुरद असं गाळात येऊन साठतं. नदी वाचवण्यासाठी केलेल्या या उपायाने नकळत एक खाण तयार झाली.

मग तो गाळ थेट शेतात का टाकू नये? कित्येक दशकं तेच होत होतं, काही ठिकाणी आजही होतं. पण गाळात नुसतं स्फुरद येत नाही. छपरांवरच्या पत्र्यांचं जस्त, नळांचं तांबं, कारखान्यांतलं शिसं आणि कॅडमियम, गोळ्या-औषधांचे अंश, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि रोगजंतू, असं शहराचं सगळं काही त्यात उतरतं. स्वित्झर्लंडने २००६ पासून गाळ शेतात टाकायला बंदी घातली. जर्मनीने मध्यम मार्ग धरला, पण तिथेही मोठ्या शहरांनी गाळ जाळण्याकडे मोर्चा वळवला.

हॅम्बर्गच्या बंदरातल्या क्योलब्रांटह्योफ्ट या शुद्धीकरण केंद्रात अंड्याच्या आकाराच्या दहा प्रचंड टाक्या उभ्या आहेत. गाळ आधी तिथे कुजतो आणि त्यातून गोबरगॅससारखा वायू निघतो. मग तो पिळून, वाळवून शेजारच्या ‘वेरा’ नावाच्या भट्टीत जातो. ही भट्टी १९९७ पासून चालू आहे. भट्टीत तापलेल्या वाळूचा थर खालून येणाऱ्या हवेवर उकळत्या पाण्यासारखा खदखदत असतो. तपमान ८५० ते ९०० अंश. औषधं, प्लॅस्टिक, जंतू, सेंद्रिय विषं यांचा तिथे निकाल लागतो. पारा वाफेत जातो आणि धुराच्या गाळणीत पकडला जातो. स्फुरद मात्र फॉस्फेटच्या रूपात असल्याने उडून जात नाही, राखेत बसून राहतं. राख भुकटीसारखी बारीक आणि बऱ्याचदा विटकरी, कारण तिच्यात लोखंड भरपूर.

या राखेत सरासरी सात टक्क्यांच्या आसपास स्फुरद असतं, असं जर्मनीच्या पदार्थ संशोधन आणि परीक्षण संस्थेने देशभरातल्या भट्ट्यांची राख तपासून दाखवलं. चांगल्या राखेत त्याहून अधिक. खाणीतल्या खडकात तेरा टक्क्यांच्या घरात. म्हणजे ही राख एक निम्म्या प्रतीचं खनिज झाली आणि तीही दर दिवशी, शहराच्या मधोमध तयार होणारी. त्याच पाहणीतून देशातल्या राखेत वर्षाला सुमारे १९,००० टन स्फुरद असल्याचं निघालं. जर्मन शेतीत पडणाऱ्या खनिज स्फुरदाच्या मानाने हा साधारण आठवा हिस्सा.

आणि तरीही ही राख पोत्यात भरून शेतात टाकण्यासारखी नाही. एकतर जस्त, तांबं यांसारखे धातू जळत नाहीत. सेंद्रिय भाग जळून गेल्याने त्यांचं प्रमाण उलट वाढतं. दुसरं कारण अधिक अवघड आहे. एवढ्या उष्णतेत फॉस्फेट कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमशी अशा स्फटिकांत अडकतं, की मुळांना ते सहजी सोडवता येत नाही. आम्लधर्मी जमिनीत थोडंफार सुटतं, चुनखडीच्या जमिनीत जवळजवळ नाहीच. राखेत स्फुरद आहे, पण ते पिकाला मिळत नाही. कुलूप लावलेल्या कोठारासारखी ही स्थिती आहे आणि गेली वीस-पंचवीस वर्षं चाललेलं संशोधन त्या कुलपाच्या किल्लीसाठी आहे.

या विषयावरच्या बहुतेक लिखाणात इथून लगेच रसायनशास्त्र सुरू होतं. पण खरा निर्णय त्याआधीच झालेला असतो. गाळ कशाबरोबर जाळला, हा तो निर्णय. जर्मनीत बराच गाळ कोळशाच्या वीजकेंद्रांत आणि सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर जात होता. ते स्वस्त पडतं, नवी भट्टी बांधावी लागत नाही आणि कागदावर ‘ऊर्जेसाठी वापर’ असं छान नाव देता येतं. पण कोळशाच्या राखेत मिसळलेलं स्फुरद इतकं विरळ होतं, की ते वेगळं काढणं परवडत नाही. सिमेंटमध्ये गेलेलं तर पुलाच्या खांबात नाहीतर इमारतीच्या स्लॅबमध्ये कायमचं जाऊन बसतं. तिथे त्याचा काही उपयोग नाही. उलट प्रमाण वाढलं तर सिमेंट सुरुवातीला पकड धरायला वेळ लावतं. एकोणिसाव्या शतकात शहरांनी सगळं एकाच नळात मिसळलं, त्या मिसळण्याचा हा पुढचा अंक. त्यामुळे गाळासाठी वेगळी भट्टी आणि वेगळी राख ही कंटाळवाणी वाटणारी अट कुठल्याही शोधाहून महत्त्वाची ठरते. वेरा भट्टी हॅम्बर्गने बांधली तेव्हा स्फुरदाच्या कायद्याचा पत्ताही नव्हता. पण राख निर्भेळ राहिली म्हणून पुढचा कारखाना तिथे शक्य झाला.

तो कारखाना हॅम्बर्गच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण कंपनीने रेमोंडिस या कचरा-व्यवस्थापनातल्या मोठ्या उद्योगाबरोबर उभा केला. पद्धतीचं नाव टेट्राफॉस.

तिच्यातली पहिली युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. राख विरघळवायला ॲसिड लागतं आणि इथे वापरतात ते फॉस्फोरिक ॲसिडच, म्हणजे जे बनवायचं आहे तेच. विरजणासाठी कालचं दही वापरावं तसं. सौम्य फॉस्फोरिक ॲसिडमध्ये राख कालवली की तिच्यातलं फॉस्फेट सुटून द्रावणात येतं आणि द्रावण आणखी दमदार होतं. लोहाचा मोठा भाग आणि वाळूसारखा उरलेला साका मात्र फारसा विरघळत नाही, तो गाळून बाजूला काढतात. म्हणजे जे नको आहे त्यातलं बरंच काही पहिल्याच पायरीवर मागे राहतं. हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक असं तीव्र ॲसिड सुरुवातीलाच ओतलं असतं, तर सगळंच विरघळलं असतं आणि मग एकेक वेचत बसावं लागलं असतं.

द्रावणात आता फॉस्फोरिक ॲसिडबरोबर कॅल्शियम असतं. सल्फ्युरिक ॲसिड घातलं की ते जिप्सम होऊन खाली बसतं. हा झाला बांधकामाच्या कामाचा दुसरा माल. उरलेलं लोह, ॲल्युमिनियम आणि इतर धातू पकडायला द्रावण राळेच्या मण्यांमधून नेतात. घरातल्या पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात असतात तसले हे मणी. ते भरले की हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतात आणि धुवणातून लोह-ॲल्युमिनियमचे क्षार मिळतात. हे क्षार पुन्हा शुद्धीकरण केंद्रात जातात, म्हणजे ज्यांनी सांडपाण्यातलं स्फुरद पहिल्यांदा खाली बसवलं, त्याच जातीच्या क्षारांना तेच काम पुन्हा मिळतं. शेवटी बारीक पटलांतून गाळून आणि आटवून फॉस्फोरिक ॲसिड हवं तेवढं तीव्र करतात. वर्षाला सुमारे २०,००० टन राखेतून ७,००० टन फॉस्फोरिक ॲसिड, असं या कारखान्याचं आखलेलं प्रमाण आहे.

कागदावर हे फार नेटकं दिसतं. प्रत्यक्षात राख रोज सारखी नसते. पावसाळी आठवड्यातला गाळ वेगळा, कोरड्या आठवड्यातला वेगळा. प्रयोगशाळेत बादलीभर राखेवर चालणारी गाळणी टनांच्या माऱ्यात तुंबते. हॅम्बर्गचं सुरुवातीचं वेळापत्रक पाळलं गेलं नाही, आणि त्यात फार आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. खाणीतल्या खडकावर चालणाऱ्या कारखान्यांना पावणेदोनशे वर्षांची तालीम आहे. राखेवरच्या कारखान्यांची ही पहिलीच पिढी.

स्वीडनच्या ईझीमायनिंग कंपनीची वाट वेगळी. ती राख हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवते आणि चुन्याच्या मदतीने टप्प्याटप्प्याने फॉस्फेट, लोह, ॲल्युमिनियम सोडवत जाते. हाती येतं स्वच्छ कॅल्शियम फॉस्फेट, इतकं स्वच्छ, की जनावरांच्या खाद्यात घालता येईल. पण युरोपीय संघाच्या नियमानुसार सांडपाण्यातून आलेला पदार्थ पशुखाद्यात चालत नाही, मग तो रासायनिकदृष्ट्या कितीही शुद्ध असो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. इथला कायदा नेमकं तेच विचारतो. कंपनीने या नियमाविरुद्ध बराच काळ बाजू मांडली आहे. तिसऱ्या जातीच्या पद्धती ॲसिडला हातच लावत नाहीत. राखेत सोडियमचे क्षार मिसळून ती पुन्हा ९०० अंशांच्या आसपास तापवतात, म्हणजे फॉस्फेटचा स्फटिक बदलून मुळांना झेपेल असा होतो. जुन्या जर्मन शेतकऱ्यांना ‘रेनानिया फॉस्फेट’ नावाचं खत माहीत होतं, त्याचाच हा पुनर्जन्म.

पद्धती बऱ्याच आहेत, गिऱ्हाईक कमी आहे. राखेतलं स्फुरद खाणीतल्या स्फुरदाहून महाग पडतं, हे यातलं साधं आणि न चुकवता येणारं सत्य. म्हणून हे काम बाजारावर न सोडता कायद्याने पुढे ढकललं गेलं. जर्मनीच्या २०१७ च्या गाळविषयक नियमांनुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येइतका भार सांभाळणाऱ्या केंद्रांवर २०२९ पासून आणि पन्नास हजारांहून अधिक भाराच्या केंद्रांवर २०३२ पासून स्फुरद परत मिळवण्याची सक्ती आहे. अट लागू होते ती कोरड्या गाळाच्या किलोत २० ग्रॅम किंवा अधिक स्फुरद असेल तेव्हा. आणि राखेतून काढायचं तर किमान ८० टक्के काढलं पाहिजे. खर्च अखेर नागरिकांच्या सांडपाणी-शुल्कातच जमा होणार, म्हणून नगरपालिका कुरकुरतात. कोणती पद्धत टिकेल याची खात्री नसताना शेकडो कोटींची गुंतवणूक आधी कुणी करायची, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो अगदीच गैर नाही.

या प्रश्नाला स्विस लोकांनी एक काटकसरी उत्तर शोधलं. झ्युरिक कँटनने गावोगावचा गाळ जाळणं बंद करून २०१५ मध्ये वेर्डह्योल्झ्ली इथे एकच वेगळी भट्टी सुरू केली. तिची राख इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी साठवता येते, म्हणजे तंत्र पिकलं की उकरून काढता येईल. जर्मन कायदाही अशी साठवण चालवून घेतो. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, यावर सरकारी शिक्का बसल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

महाराष्ट्रात तूर्त अशी राखच नाही, कारण गाळ जाळणाऱ्या वेगळ्या भट्ट्या नाहीत. पण गरज मात्र युरोपातल्यापेक्षा मोठी आहे. रब्बीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात अठरा-शेहेचाळीस मिळत नाही म्हणून हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला मोरोक्को आणि चीनचं राजकारण ठाऊक नसलं, तरी त्याचा फटका ठाऊक असतो. देशात उदयपूरजवळ झामरकोटड्याला फॉस्फेटची खाण आहे, पण ती देशाच्या भुकेपुढे अपुरी. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना मिळतं ते सरकार उरलेले पैसे भरतं म्हणून. दुसरीकडे मुंबईचं मैलापाणी वरळी आणि वांद्रे इथल्या नळांतून समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडलं जातं आणि बाहेरून विकत आणलेलं स्फुरद अरबी समुद्राच्या हवाली होतं. आता शहरात सात नवी शुद्धीकरण केंद्रं उभी राहत आहेत. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. पाणी शुद्ध झालं की गाळ येणारच. तो कशात मिसळायचा आणि कशात नाही, हे ठरवायची वेळ केंद्रं बांधून झाल्यावर नव्हे, बांधताना असते.

राखेतून खत, ही गोष्ट जगात सर्वात शांतपणे जपानच्या गिफू शहराने करून दाखवली. तिथे गाळाची राख ॲसिडऐवजी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात घोळवतात. जपानी केंद्रांत लोहाऐवजी ॲल्युमिनियमचे क्षार जास्त वापरतात, आणि ॲल्युमिनियमशी बांधलेलं फॉस्फेट सोड्यात सुटतं. जड धातू बहुतांशी मागे राहतात. द्रावणात चुना घातला की हाडांतल्या खनिजाशी मिळतंजुळतं कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं. कारखाना छोटा आहे, २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची बातमी फारशी कुठे झाली नाही. चीनची निर्यात आटल्यावर जपान सरकारने २०२२ मध्ये ठरवलं, की खतातल्या स्फुरदात देशी स्रोतांचा वाटा २०३० पर्यंत २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर न्यायचा, आणि त्या देशी स्रोतांत सांडपाण्याचा गाळ ठळकपणे मोजला. एरवी नकाशावर शोधावं लागणारं गिफू एकदम सगळ्यांना आठवलं. तिथलं खत पोत्यात भरून आसपासच्या शेतकऱ्यांना विकलं जातं. त्याला ना रसायनाचं नाव दिलंय, ना सांडपाण्याचं. पोत्यावर लिहिलेलं असतं ‘गिफू नो दाइची’, म्हणजे गिफूची जमीन.